गणिताला हात लावू द्या

माझी भाची यवतमाळला दहावीत शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून घरी गेलो तेव्हा ती गणिताची वही घेऊन बसली होती. वर्गसमीकरणाचं उदाहरण होतं. तिनं अवयव पाडले, दोन उत्तरं काढली, खाली दोन रेघा मारल्या. सगळं बरोबर होतं. मी सहज विचारलं, "क्ष बरोबर तीन आलं. म्हणजे नक्की काय आलं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामू, ऐसाइच आता. गाइड में भी तीनच है."

तिचं उत्तर ऐकून मला हसू आलं नाही, कारण मीही असाच शिकलो होतो. पायऱ्या पाठ, सूत्रं पाठ, प्रमेयांच्या सिद्धता तर अल्पविरामासकट पाठ. त्याच पाठांतराच्या जोरावर दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंगचे गणिताचे पेपरही काढले. पहिल्या नोकरीत मात्र एका साध्या प्रोग्रॅमपुढे दोन दिवस अडकलो. तो अवघड नव्हता. पण त्याची पद्धत कुठल्याच गाइडमध्ये दिलेली नव्हती आणि स्वतः विचार करून मांडणी करायची सवय मला कुणी लावलीच नव्हती.

त्या दिवाळीनंतर काही महिने मला घरूनच काम करायची मुभा मिळाली. दर रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या एका रिकाम्या खोलीत भाचीसह नववी-दहावीची बारा-चौदा मुलं-मुली जमू लागली. काही उर्दू माध्यमाची, काही मराठी माध्यमाची. मी शिक्षक नाही, शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. म्हणून हा लेख सल्ल्यापेक्षा अनुभव म्हणून वाचा. पण त्या रविवारांमधून माझं एक मत पक्कं झालं: आपल्या मुलांना गणिताचा सराव कमी पडत नाही, सरावाचा प्रकार चुकतो. बीजगणित आणि भूमिती हातात घेऊन, मोजून, कापून, भांडून शिकता येते आणि तशी ती शिकवण्याची जबाबदारी फक्त शाळेवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

प्रश्न गुणांपुरता नाही

दहावीचं गणित दोन भागांत आहे. भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती. दोन्हींची लेखी परीक्षा चाळीस-चाळीस गुणांची आणि वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. शंभर गुणांचा हा विषय कित्येक मुलांची पुढची वाट ठरवून टाकतो. डिप्लोमा, आयटीआयचे बरेच ट्रेड, विज्ञान शाखा, बँकेच्या आणि सरकारी भरतीच्या परीक्षा, सगळीकडे दारात गणित उभं असतं.

२०२४ साली राज्याच्या शालेय शिक्षणाच्या अभ्यासक्रम आराखड्यात एक सूचना आली. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यायचं, मात्र गणित-विज्ञानावर आधारलेल्या शिक्षणाला तो पात्र नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. हेतू समजतो. एका विषयापायी मूल शाळेबाहेर फेकलं जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर जास्त पडेल? ज्याच्या घरी आधी कुणी दहावी झालेलं नाही, ज्याला महागडा क्लास परवडत नाही, ज्याच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, त्याच्या. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं सांगितलं होतं की सहा ते चौदा वयोगटातल्या चार मुस्लिम मुलांपैकी एक मूल शाळेत कधी गेलेलंच नव्हतं किंवा मधेच बाहेर पडलं होतं. त्यानंतर शाळेत टिकलेल्या पिढीला आपण आता दहावीच्या दारातून शेरा हातात देऊन पाठवणार असू, तर ते आपल्याला चालेल का?

उर्दू माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. त्यांनी दहा वर्षं मुसल्लस, ज़ाविया, दायरा हे शब्द वापरलेले असतात. अकरावीत गेलं की तोच त्रिकोण ट्रँगल होतो आणि बाजारात, तलाठ्याकडे, मोजणीच्या कागदावर मराठी शब्द भेटतात. गणित येत असूनही शब्दापाशी अडखळणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्गात हसू होईल म्हणून ती हात वर करत नाहीत आणि दोन महिन्यांत गणित सोडून देतात.

पत्त्यांपासून सुरुवात

म्हणून पहिल्या रविवारी आम्ही पुस्तक उघडलंच नाही. लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून कार्डं केली. एका कार्डावर त्रिकोण, दुसऱ्यावर मुसल्लस, तिसऱ्यावर ट्रँगल, चौथ्यावर नुसती आकृती. चौघांच्या गटानं चारही कार्डं जुळवायची. व्यास, त्रिज्या, जीवा, समीकरण, चल, सगळे शब्द यात आले. अर्ध्या तासात उर्दू माध्यमाचा मुलगा मराठी माध्यमाच्या मुलीला सांगत होता की समीकरणाला त्यांच्याकडे 'मुसावात' म्हणतात. ती म्हणाली, "मुसावात तो बराबरी कू बोलते ना?" बरोबर. समीकरण म्हणजे दोन बाजूंची बरोबरीच. एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूलाही करा, हा नियम तिला त्या शब्दातच सापडला. "चिन्ह बदलून पलीकडे न्या" असं वर्षभर घोकून जे कळलं नव्हतं ते एका शब्दानं कळलं.

पुढच्या वेळी कार्डं थोडी अवघड केली. एका कार्डावर शाब्दिक उदाहरण, एकावर समीकरण, एकावर क्ष-य किमतींचा तक्ता, एकावर आलेख. चार रूपं एकाच गोष्टीची. ती जुळवताना मुलं जितकी भांडली, तितकी प्रश्नसंच सोडवताना कधी बोलतही नाहीत. "ही रेषा तुझ्या समीकरणाची असूच शकत नाही, कारण क्ष शून्य असताना य पाच पाहिजे", असं एखादा मुलगा दुसऱ्याला समजावून सांगतो तेव्हा त्याचा सराव झालेलाच असतो.

ख्वारिज्मीचा चौरस

आपल्या सभा-संमेलनांत एक वाक्य हमखास येतं: अल्जेब्रा मुसलमानांनी जगाला दिला. मोबाइलवरही असे संदेश फिरतात. अभिमान वाटायला हरकत नाही, पण नवव्या शतकात खलिफा मामूनच्या काळात बगदादला बसून मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मीनं जे केलं, ते स्वतःच्या हातानं करून पाहणारं आपल्यात कुणी भेटत नाही. त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून अल्जेब्रा आला आणि त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्यावर माझं पोट चालतं. जब्र म्हणजे तुटलेलं जागेवर बसवणं. अरबीत मोडलेलं हाड बसवण्यासाठीही हाच शब्द चालत असे. मुलांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "सर, उर्दू में जब्र मतलब सख्ती." त्याचा गणिताचा अनुभव तसाच होता, त्याला काय दोष द्यायचा!

मग आम्ही ख्वारिज्मीचंच उदाहरण घेतलं. क्षचा वर्ग अधिक दहा क्ष बरोबर ३९. पुठ्ठ्याचा एक चौरस कापा, बाजू कितीही घ्या, तिला क्ष म्हणा. आता दहा क्षचे दोन सारखे भाग करा, म्हणजे क्ष लांब आणि पाच रुंद अशा दोन पट्ट्या. एक पट्टी चौरसाच्या उजवीकडे ठेवा, दुसरी खाली. आकार जवळजवळ मोठ्या चौरसाचा होतो, फक्त एक कोपरा तुटलेला दिसतो. तो कोपरा पाच गुणिले पाच, म्हणजे २५ चा. तो बसवा. आधीचे ३९ आणि हे २५ मिळून ६४. म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू आठ. त्यातले पाच पट्टीचे, उरले तीन. क्ष बरोबर तीन.

माझी भाची त्या कोपऱ्यावर बोट ठेवून काही वेळ बसली. पाठ्यपुस्तकात यालाच पूर्ण वर्ग पद्धत म्हणतात आणि "क्षच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा" असं एक वाक्य असतं. ते वाक्य तिनं किती तरी वेळा लिहिलं होतं. निम्मं का, वर्ग का, हे तिला त्या दिवशी दिसलं. मग तिनंच विचारलं, "पर दूसरा उत्तर किधर गया?" दुसरं उत्तर उणे तेरा. समीकरणात ठेवून पाहिलं तर १६९ उणे १३० बरोबर ३९, अगदी बरोबर. पण उणे तेरा लांबीचा पुठ्ठा कापता येत नाही. ख्वारिज्मीनंही ते उत्तर घेतलं नव्हतं. आकृतीची मर्यादा कुठे संपते आणि चिन्हांची ताकद कुठे सुरू होते, हे दहावीच्या मुलीनं प्रश्न विचारून समजून घेतलं.

हे ज्ञान कुणा एका धर्माच्या मालकीचं नाही, हेही त्याच दिवशी बोललो. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती' आणि 'बीजगणित' लिहिलं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. अकबराच्या दरबारातल्या फैज़ीनं १५८७ साली 'लीलावती' फारसीत आणली आणि शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदीनं 'बीजगणित' फारसीत नेलं. गणिताची ये-जा दोन्ही दिशांनी झाली. आपली मुलं ज्या मराठी-उर्दूच्या सांध्यावर उभी आहेत, त्याच सांध्यावरून ती झाली.

टाकीची उंची आणि जेबातली जीवा

त्रिकोणमिती म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. आम्ही कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवली, मध्यबिंदूच्या छिद्रातून दोरा ओवला आणि दोऱ्याला एक नट बांधला. उंची मोजायचं यंत्र तयार. नळीतून पाण्याच्या टाकीच्या टोकाकडे पाहायचं, दोरा नव्वदच्या खुणेपासून किती सरकला ते दुसऱ्यानं वाचायचं. तोच उन्नत कोन. टाकीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, त्याला कोनाच्या टॅननं गुणायचं आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवायची. ती मिळवायला निम्मे गट विसरतातच.

तीन गटांची तीन उत्तरं आली. पहिल्याला २० मीटरवरून ३६ अंश मिळाले, उत्तर जवळपास १५.९ मीटर. दुसऱ्याला तेवढ्याच अंतरावरून ३८ अंश, उत्तर १७ मीटर. तिसरा गट ३० मीटरवर उभा होता, त्याला २४ अंश आणि १४.८ मीटर. मग वाद सुरू झाला. कुणाचं खरं? वाऱ्यानं दोरा हलत होता. एका गटानं अंतर टेपऐवजी पावलांनी मोजलं होतं. आम्ही वहीत करून पाहिलं तर २० मीटरवरून कोन एका अंशानं चुकला की उंची सुमारे अर्ध्या मीटरनं चुकते. हे कुठल्याही गाइडमध्ये नसतं, पण इंजिनिअर, सर्व्हेयर, गवंडी यांना रोज लागतं. एका मुलानं सोपी युक्ती शोधली: कोन ४५ अंश होईपर्यंत मागे सरकत जायचं, म्हणजे टॅन एक होतो आणि टाकीपर्यंतचं अंतर अधिक डोळ्यांची उंची हीच टाकीची उंची. सारणीसुद्धा लागत नाही.

तिथेच उभ्याउभ्या मी त्यांना 'साइन' या शब्दाची गंमत सांगितली. दहावीच्या वर्तुळाच्या धड्यात जीवा आहे. आपल्याकडचे जुने ज्योतिर्गणिती ज्या किंवा जीवा हाच शब्द त्रिकोणमितीत वापरत. अरबांनी तो 'जीब' म्हणून उचलला. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्या वाचकांनी तो 'जैब' वाचला, म्हणजे कपड्याची चुणी, छातीवरचा खोलगट भाग. आपल्या बोलण्यातला जेब त्याच शब्दाचा. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी त्याचं भाषांतर 'सायनस' केलं आणि त्यातून साइन आला. संस्कृतातली जीवा अरबीतल्या जेबातून जगभर फिरली. ही गोष्ट सांगितल्यावर साइन विसरलेला एकही मुलगा मला भेटला नाही.

मुलींनी एक वेगळाच प्रयोग सुचवला. मेहंदीचा कोन आणून तो टोकापासून कडेपर्यंत सरळ कापून उलगडला, कड कात्रीनं नीट केली, की वर्तुळपाकळी मिळते. तिची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकस उंची. तिचा कंस म्हणजे शंकूच्या तोंडाचा परीघ. पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे तिरकस उंची आणि कंस यांच्या गुणाकाराचं निम्मं, त्यातूनच शंकूच्या वक्रपृष्ठफळाचं सूत्र निघतं. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवायची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये याच विषयावर पुस्तक काढलं होतं. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले आणि पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-गणित शिकवण्यात आयुष्य घातलं. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत.

वेचा आणि वाटा

आपल्या जिल्ह्यात दोन चलांतली समीकरणं शिकवायला कापसापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार? आम्ही असं मांडलं: समजा वेचणीची मजुरी दोन प्रकारांनी मिळते. एक, दिवसाचे ३०० रुपये. दोन, किलोला १० रुपये. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. एक रेषा आडवी, दुसरी शून्यापासून वर चढणारी. दोन्ही ३० किलोवर छेदतात. तीसपेक्षा जास्त वेचलं तर किलोचा दर परवडतो, कमी वेचलं तर रोज परवडतो.

मागे बसणारी एक मुलगी, जी महिनाभर स्वतःहून काही बोलली नव्हती, ती म्हणाली, "पहले वेचे में अम्मी पैंतीस-चालीस करती. आख़री में बीस भी नहीं होता. और आख़री में ही मालिक बोलता किलो से लो." खोली शांत झाली. तिनं आलेखावर वीसची जागा दाखवली. तिथे आडवी रेषा वर होती आणि चढती खाली. फरक शंभर रुपयांचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं फळ्यावर येऊन उदाहरण पूर्ण केलं. पुढे तिच्या आईनं मालकाशी बोलणी केली की नाही हे मी विचारलं नाही. पण आपल्या घरचा प्रश्न समीकरणात मांडता येतो हे त्या मुलीला कळलं, मला तेवढं पुरेसं होतं.

दुसरं उदाहरण थेट ख्वारिज्मीच्याच पुस्तकातल्या विषयाचं. त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग मीरास आणि वसीयतीच्या हिशेबांचा आहे. बीजगणित त्यानं व्यापार, जमीन मोजणी आणि वारसा वाटपासाठी लिहिलं होतं. आम्ही सोपं उदाहरण घेतलं. मयताच्या मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. कर्ज आणि वसीयत फेडून २४ लाखांची मालमत्ता उरली. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे तीन लाख. उरलेल्या २१ लाखांत मुलीचा वाटा क्ष, मुलाचा दोन क्ष. तीन क्ष बरोबर २१, क्ष बरोबर सात. मुलीला सात, मुलाला चौदा.

उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं. मग भाचीनंच विचारलं, "मामू, नाना के घर में अम्मी का क्ष किधर है?"

नाना म्हणजे माझे वडील. घर म्हणजे ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो ते. त्यात पुढे बहिणीचाही वाटा असेल हे मला माहीत होतं आणि त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं, हेही माहीत होतं. "भाई का दिल बड़ा है, लेकिन हिस्सा माँगना अच्छा नहीं लगता", असं म्हणून आपल्याकडे किती बहिणी गप्प बसतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ती चर्चा व्हायलाच हवी. पण जो वाटा ठरलेला आहे तो तरी तिच्या हातात पडतो का? सात लाखांचं उत्तर वहीत लिहून घरी जाणाऱ्या मुलीला आपण काय सांगणार आहोत? मी त्या रात्री बहिणीशी आणि अब्बांशी बोललो. कागद अजून व्हायचे आहेत, पण विषय निघाला. तो एका रेषीय समीकरणानं काढला, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

माझी चूक आणि लोकांचे आक्षेप

सगळं छान झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पहिल्या दीड महिन्यात मुलं खूश होती, मीही खूश होतो. मग मी बोर्डाच्या धर्तीवर छोटी चाचणी घेतली आणि निकाल निराशाजनक लागला. खेळ झाला होता, गणित वहीत उतरलंच नव्हतं. चूक माझी होती. त्यानंतर आम्ही नियम केला: पाऊण तास कृती, पंधरा मिनिटं तीच गोष्ट वहीत स्वतःच्या शब्दांत आणि चिन्हांत लिहायची आणि शेवटचा अर्धा तास त्याच प्रकारची पाच बोर्डाची उदाहरणं. कृतीशिवाय सराव आंधळा होतो आणि सरावाशिवाय कृती हवेत विरते, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो.

आणखी एक गोष्ट मी माझ्या धंद्यातून आणली. आमच्याकडे कुणाचाही प्रोग्रॅम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चूक सापडली तर कुणाला शिक्षा नसते, सापडवणाऱ्याचं कौतुक असतं. तसं मी दर रविवारी फळ्यावर एक मुद्दाम चुकीचं सोडवलेलं उदाहरण लिहायचो. उदाहरणार्थ, क्ष अधिक तीनचा वर्ग बरोबर क्षचा वर्ग अधिक नऊ. कुठे चुकलं ते शोधा आणि पुठ्ठ्यानं सिद्ध करा. मुलं पुठ्ठा लावून पाहतात तर तीन क्षच्या दोन पट्ट्यांची जागा रिकामीच राहते. चुकीवर बोलायची भीती गेली की अर्धं गणित सोपं होतं. पूर्वी उत्तर चुकलं की वही झाकणारा मुलगा नंतर नंतर स्वतःच म्हणायचा, "मेरे में बग है, देखो."

एका ओळखीच्या शिक्षकांनी मला सरळ विचारलं, "तुमच्याकडे बारा मुलं. माझ्या वर्गात साठ आहेत, अभ्यासक्रम आहे, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं आहेत. कधी करू हे?" त्यांचं म्हणणं खरं आहे. वर्गशिक्षकांनी सगळं सोडून पुठ्ठे कापत बसावं असं मी म्हणत नाही. पण बालभारतीच्या पुस्तकात जागोजागी 'कृती' अशी चौकट आहे आणि ती बहुतेक वर्गांत "घरी वाचा" म्हणून सोडली जाते. आठवड्यातून एका तासाची पंधरा मिनिटं, साठ मुलांचे पंधरा गट, एक कृती. एवढं होऊ शकतं. बाकीचं बाहेरच्यांनी उचलायचं आहे.

काही पालकांना वाटतं, मोबाइलवर ॲप आहे, त्यात बघून येईल. मी सॉफ्टवेअरवालाच आहे, मी ॲपच्या विरोधात कसा असेन? जिओजेब्रा फुकट आहे, मोबाइलवर चालतं आणि आलेख हलवून बघायला फार चांगलं आहे. पण पडद्यावर सरकणारी रेषा आधी हातानं काढलेली असली तरच ती काही सांगते. आधी पुठ्ठा, मग पडदा.

आता आपण काय करू शकतो

हे वाचणाऱ्यांत इंजिनिअर असतील, डी.एड., बी.एड. झालेले आणि भरतीची वाट पाहणारे असतील, कॉलेजची मुलं-मुली असतील. माझी विनंती तुम्हाला आहे. यवतमाळमध्ये असा, पुसदला, दिग्रसला, आर्णीला, उमरखेडला किंवा जिथे असाल तिथे, रविवारचे दोन तास काढा. जागा मोहल्ल्यातलं वाचनालय चालेल, शाळेची खोली चालेल, मक्तब सुटल्यावर मशिदीचा हॉल मिळाला तर उत्तम. फक्त जागा अशी निवडा की जिथे मुली बिनधास्त येतील आणि त्यांना पुढे बसायला मिळेल. फी घेऊ नका आणि आपल्याच जमातीची मुलं हवीत असा हट्टही धरू नका. शेजारच्या वस्तीतली मुलं आली तर कार्डं जुळवायला शब्द आणखी वाढतील.

सामान फार लागत नाही. जुना पुठ्ठा, कात्री, दोरा, कोनमापक, मोजपट्टी, आलेखाचा कागद. महाग गोष्ट एकच आहे, दर रविवारी वेळेवर हजर राहणं. दोन रविवार चुकलात की मुलं येणं बंद करतात, हेही मी अनुभवलं आहे.

आणि यासोबत एक काम आपल्या संघटनांनी करावं. आपल्या संस्थांच्या शाळांमध्ये गणिताचे शिक्षक पूर्ण आहेत का, नसतील तर जागा किती दिवसांपासून रिकामी आहे, हे संस्थाचालकांना लेखी विचारावं. सत्कार समारंभात ९० टक्केवाल्यांना शाल द्यायला आपण सगळे जातो. ज्याला गणितात २५ मिळाले त्याच्या घरी जायला कुणी नसतं. तिथे जायला हवं, कारण शेरा पडलाच तर त्याच्याच गुणपत्रिकेवर पडेल.

मी पुण्याला परतल्यावर रविवारचा गट भाची आणि मागे बसणारी ती मुलगी मिळून चालवतात. दोघींचीही बोर्डाची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून मी म्हटलं, महिनाभर बंद ठेवा. भाचीनं उत्तर पाठवलं, "नववी के बच्चे आते मामू, उनका पुठ्ठा काटना बाक़ी है." सोबत एक फोटो होता. फरशीवर पुठ्ठ्याचा चौरस, दोन पट्ट्या आणि कोपरा अजून रिकामा.